उडण्याची एक रीत : गोयाच्या एका एचिंगविषयी

फ्रान्सिस्को गोया (१७४६–१८२८) या स्पॅनिश चित्रकाराचे एक एचिंग आहे. साधारण ३५ सेंटिमीटर रुंद आणि २४ सेंटिमीटर उंच. नाव 'मोदो दे वोलार', म्हणजे 'उडण्याची एक रीत'. काळ्या आकाशात पाच माणसे उडत आहेत. प्रत्येकाला वटवाघळासारखे प्रचंड पंख आहेत. पंखांच्या काड्या छत्रीच्या काड्यांसारख्या दिसतात आणि त्यांवर पातळ पडदा ताणलेला आहे. हातांनी पंख धरलेले, पंखांच्या दोऱ्या पायांपर्यंत आलेल्या. डोक्यावर पक्ष्याच्या डोक्याच्या आकाराचे शिरस्त्राण. एक माणूस आपल्याजवळ मोठा दिसतो, बाकीचे दूर दूर होत लहान झालेले आहेत. खाली जमीन नाही, वर चंद्र नाही. ही माणसे कुठून निघाली आणि कुठे चालली आहेत, हे चित्र सांगत नाही.

आपल्या वार्षिकांत कथा, कविता, वैचारिक लेख भरपूर असतात. चित्रावर लिहिलेले क्वचितच सापडते. तस्वीरविषयीचा आपला जुना संकोच हे त्याचे एक कारण असेल. चित्रे पाहण्याची सोय आपल्या मोहल्ल्यांत कधी नव्हती, हे दुसरे. पण या चित्राकडे वळण्याचे माझे कारण निव्वळ कलेचे नाही. आपल्याकडे उडण्याचा विषय निघाला की अब्बास इब्न फिरनासचे नाव निघतेच. जलशातले वक्ते ते घेतात, मोबाइलवर फिरणारे संदेश घेतात. 'राइट बंधूंच्या हजार वर्षे आधी आपण उडालो होतो' हे वाक्य आता आपल्या पाठांतराचा भाग झाले आहे. या वाक्यातला 'आपण' कोण, हा प्रश्न मला गोयाच्या चित्रापुढे पडला. म्हणून आधी चित्र नीट पाहू आणि मग त्या प्रश्नाकडे येऊ.

*

एचिंग म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने कोरलेले चित्र. चिंच लावून तांब्याचे भांडे घासले की ते उजळते, हे आपल्या घरातल्या बायांना ठाऊक असते. आम्ल तांब्याला कसे खाते, याचाच तो सौम्य नमुना. चित्रकार पत्र्यावर मेणासारखा थर देतो, त्यावर सुईने रेघा ओढतो आणि पत्रा तीव्र आम्लात बुडवतो. जिथे सुईने थर खरवडला असेल तिथेच आम्ल तांबे खाते. मग त्या खाचांत शाई भरायची, वरची पुसून टाकायची आणि ओलसर कागद ठेवून पत्रा दाबयंत्रातून काढायचा. खाचेतली शाई कागदावर उतरते.

आकाशासारखा सलग काळा भाग रेघांनी साधत नाही. त्यासाठी गोयाने अ‍ॅक्वाटिंटची पद्धत वापरली. राळेची बारीक भुकटी पत्र्यावर पसरून तापवायची. कण चिकटतात आणि आम्ल त्या कणांमधल्या फटींतून खाली जाते. हजारो सूक्ष्म खड्डे पडतात, त्यांत शाई बसते आणि कागदावर दाट काळोख येतो. जो भाग उजळ ठेवायचा तो आधीच वॉर्निशने झाकून घ्यावा लागतो.

ही कृती ठाऊक झाली की चित्र वेगळे दिसू लागते. उडणाऱ्या माणसांवर कुठूनही प्रकाश पडलेला नाही. सूर्य नाही, चंद्र नाही, कुणाच्या हातात मशाल नाही. ती माणसे उजळ आहेत, कारण तिथे आम्ल पोहोचू दिलेले नाही. भोवतालचा सगळा पत्रा आम्लाने खाल्ला आहे आणि ही पाच शरीरे राखली आहेत. काळोखात काही वाचवून ठेवणे ही इथे कारागिराने हाताने केलेली गोष्ट आहे.

*

हे एचिंग गोयाच्या 'दिस्पारातेस' या मालिकेतले तेरावे. 'दिस्पाराते' म्हणजे खुळेपणा, असंबद्ध वागणे. १८१५ ते १८२३ या काळात त्याने या मालिकेचे एकूण २२ पत्रे तयार केले. १७९२–९३च्या आजारात त्याची श्रवणशक्ती गेली होती. पुढे नेपोलियनच्या फौजांशी झालेले युद्ध त्याने पाहिले. १८१४मध्ये राजा सातवा फर्दिनांद परत आला आणि त्याच्याबरोबर धर्मन्यायालयही परत आले. अशा दिवसांत गोयाने ही मालिका छापून बाजारात आणली नाही. १८२४मध्ये तो फ्रान्सला गेला, बोर्दो शहरी वारला, आणि पत्रे स्पेनमध्येच राहिले. १८६४मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर ३६ वर्षांनी, माद्रिदच्या सान फर्नांदो अकादमीने त्यांतले १८ प्रसिद्ध केले. मथळा दिला 'लोस प्रोवेर्बिओस', म्हणजे 'म्हणी'. तेव्हापासून प्रत्येक चित्राला एकेक म्हण चिकटत गेली. उडणाऱ्यांच्या वाट्याला आलेली म्हण आपल्या 'इच्छा तेथे मार्ग'ची सख्खी बहीण आहे.

या म्हणीने चित्राचे नुकसान केले असे मला वाटते. शाळेच्या भिंतीवर लिहायला ती ठीक आहे. पण चित्रातल्या एकाही माणसाला मार्ग सापडल्याचे दिसत नाही. ते पोहोचलेले नाहीत आणि पडलेलेही नाहीत. गोयाचे स्वतःचे नाव किती साधे आहे पाहा. 'उडण्याची रीत' असे ठासून न सांगता तो 'एक रीत' म्हणतो. दुसरीही असू शकेल. खुळेपणाच्या मालिकेत बसवलेल्या या चित्राचे नाव मात्र एखाद्या कारागिराच्या वहीतल्या नोंदीसारखे आहे. आपल्या मराठीत 'वेड' हा शब्द दोन्ही अर्थांनी चालतो : डोके फिरणे आणि एखाद्या गोष्टीचा ध्यास घेणे. हे चित्र त्या दोन अर्थांच्या मधोमध आहे.

गोयाच्या आधीच्या चित्रांतही उड्डाणे पुष्कळ आहेत. १७९९च्या 'काप्रिचोस' या ८० चित्रांच्या मालिकेत चेटकिणी झाडूवर बसून उडतात. तिथे उडणे म्हणजे अंधश्रद्धा, भोंदूपणा, रात्रीचा व्यभिचार. त्याच मालिकेतल्या ४३व्या चित्रात एक माणूस मेजावर डोके टेकून झोपला आहे आणि त्याच्यामागून घुबडे आणि वटवाघळे झेपावत आहेत. मेजाच्या बाजूवर जे लिहिले आहे त्याचा आशय असा की बुद्धीच्या 'सुएन्यो'तून राक्षस जन्मतात. या स्पॅनिश शब्दावर फार वाद झाले, कारण त्याचा अर्थ झोप असाही होतो आणि स्वप्न असाही. आपल्याला ही अडचण परकी वाटू नये. फारसीत 'ख्वाब' म्हणजे झोपही आणि स्वप्नही. उर्दूत येऊन तो मुख्यतः स्वप्नापुरता उरला, पण 'ख्वाबगाह' म्हणजे अजूनही झोपायची खोली. संस्कृतातल्या 'स्वप्न' शब्दालाही झोपेचा अर्थ होता.

आता दोन्ही चित्रे शेजारी ठेवा. १७९९मध्ये वटवाघळाचे पंख झोपलेल्या माणसामागे होते, त्याच्या भीतीचा भाग होते. सोळा-सतरा वर्षांनी तेच पंख माणसाने स्वतःला बांधून घेतले आहेत, त्यांना दोऱ्या लावल्या आहेत आणि तो त्या पायाने ओढतो आहे. झोप संपली आहे, स्वप्न मात्र चालू आहे. इथे जादू नाही, कुणी फरिश्ता उचलून नेत नाही. कष्ट आहेत. जवळच्या माणसाच्या शरीरातला ताण नावाड्याच्या किंवा हातमागावर बसलेल्या विणकराच्या शरीरातल्या ताणासारखा आहे. हातमागावरही हात आणि पाय असेच एकाच वेळी गुंतलेले असतात.

*

या चित्राचा आपल्याशी एक धागा आहे, पण तो नेहमीच्या अभिमानाचा नाही. १८१६मध्ये गोयाने 'ला तावरोमाकिया' ही बैलझुंजींवरची ३३ चित्रांची मालिका प्रसिद्ध केली. तिच्या सुरुवातीच्या काही चित्रांत स्पेनमधले मुसलमान, ज्यांना ते 'मोरो' म्हणत, बैलाशी झुंजताना दिसतात. ग्रानाडा १४९२मध्ये पडले. जबरीने ख्रिस्ती झालेल्या मुसलमानांच्या वंशजांनाही १६०९ ते १६१४ या काळात देशाबाहेर काढले गेले. त्यानंतर दोनशे वर्षांनी एक स्पॅनिश चित्रकार आपल्या देशाच्या सर्वात लाडक्या खेळाचा इतिहास सांगायला बसतो आणि त्याला मुसलमानांपासून सुरुवात करावी लागते. मात्र त्याने त्यांना जे कपडे घातले ते अंदलुसी नाहीत. नेपोलियनच्या फौजेबरोबर माद्रिदमध्ये आलेल्या मामलुक स्वारांचे ते कपडे आहेत. एका चित्राच्या मथळ्यात तर या मोरोंनी कुराणाच्या अंधश्रद्धा बाजूला ठेवून ही शिकार अंगीकारली, असे म्हटले आहे. गोया आपला कैवारी नव्हता. त्याला तसे बनवण्याची गरजही नाही.

या मालिकेची एक प्रत गोयाच्या मित्राकडे, कलेतिहासकार सेआन बेर्मूदेस याच्याकडे होती. त्या प्रतीच्या शेवटी बैलांच्या चित्रांनंतर 'मोदो दे वोलार'चा एक जुना ठसा बांधलेला आहे. त्यावरूनच या चित्राचा काळ १८१५–१६ धरतात. ज्या मुलखातून मुसलमान हाकलले गेले, त्या मुलखाचा चित्रकार एकाच पुस्तकात त्यांच्या झुंजी आणि माणसाचे उड्डाण शेजारी ठेवतो. चित्रातली माणसे इब्न फिरनासचे वारस म्हणून काढलेली नाहीत. तरी त्या मुलखात उडण्याचे स्वप्न गोयाच्या जवळजवळ हजार वर्षे आधी कुणी पाहिले होते, हे वाचकाला आठवल्याशिवाय राहत नाही.

*

अब्बास इब्न फिरनास मूळचा रोंदा भागातला, कुर्तुब्याच्या दरबारातला. शायर, गवई, काच आणि स्फटिकाचे काम जाणणारा, आकाशाची प्रतिकृती आणि पाणघड्याळ बनवणारा. इ.स. ८८७मध्ये वारला. त्याच्या उड्डाणाची जी हकीकत आपण सांगतो ती मुख्यतः अल-मक्करीच्या ग्रंथातली आहे आणि अल-मक्करी सतराव्या शतकातला. हकीकत अशी : त्याने अंगाला पिसे लावली, पंख बांधले, उंचावरून झेप घेतली, काही अंतर गेला आणि उतरताना त्याच्या पाठीला इजा झाली. कारण पक्षी उतरताना शेपटीचा उपयोग करतो, हे त्याच्या लक्षात आले नव्हते.

यात दोन गोष्टी मोलाच्या आहेत. पहिली शेपटीची. अकराव्या शतकात इंग्लंडमधल्या माम्सबरीच्या मठातला आइलमर नावाचा एक साधू असाच उडाला आणि दोन्ही पाय मोडून बसला. शेपटी लावायची राहिली, असे तोही म्हणाल्याची नोंद आहे. एक मुसलमान, एक ख्रिस्ती. मधे शंभराहून अधिक वर्षे आणि आख्खा फ्रान्स. दोघांच्या गोष्टीत चूक एकच आणि दोघांच्याही गोष्टीत ती चूक लपवलेली नाही. आपल्या बयानांतून नेमकी हीच शेपटी गळून पडते. उड्डाण सांगितले जाते, मोडलेली पाठ सांगितली जात नाही. खरे तर इल्म त्या पाठीत आहे.

दुसरी गोष्ट याहून बोचरी आहे. या उड्डाणाचा त्याच्याच काळातला पुरावा म्हणून जे उरले आहे, तो मोमिन इब्न सईद या दरबारी शायराचा एक शेर आहे, आणि तो स्तुतीचा नाही. मोमिन त्याचा स्पर्धक होता. गिधाडाची पिसे अंगावर चढवणाऱ्या या इसमाची त्याने टर उडवली. टर उडवणाऱ्याने साक्ष ठेवली. अभिमान बाळगणारे सात-आठ शतकांनी आले.

अशा गोष्टी आणखी आहेत. निशापूरचा अल-जौहरी हा अरबी भाषेचा थोर कोशकार. 'सिहाह' हा त्याचा शब्दकोश. दहावे शतक सरता सरता तो लाकडी पंख बांधून मशिदीच्या छतावर चढला आणि पडून मेला, असे सांगतात. पुढे त्याच निशापूरचा अत्तार पक्ष्यांच्या आध्यात्मिक प्रवासाचे काव्य लिहून अमर झाला. कवितेतले पक्षी आपण डोक्यावर घेतले. छतावर चढलेला माणूस चुकल्यासारखा बाजूला ठेवला. सतराव्या शतकातल्या इस्तंबूलचा हेझारफेन अहमद चेलेबी गलाता मनोऱ्यावरून बोस्फोरस ओलांडून गेल्याचे एव्लिया चेलेबी आपल्या प्रवासवर्णनात सांगतो. सुलतान चौथ्या मुरादने त्याला मोहरांची थैली दिली आणि असा माणूस धोक्याचा म्हणून अल्जीरियाला पाठवून दिले. एव्लियाला तिखटमीठ लावायची सवय होती, त्यामुळे उड्डाण किती खरे हे बाजूला ठेवू. बक्षीस आणि हद्दपारी एकाच हाताने देणारा सुलतान मात्र आपल्याला अगदी ओळखीचा वाटतो. युरोपातही निराळे काही नव्हते. गोयाच्याच काळात व्हिएन्नाचा घड्याळजी याकोब देगेन फुग्याच्या आधाराने पंख हलवून उडत असे. १८१२मध्ये पॅरिसचा प्रयोग फसला तेव्हा चिडलेल्या गर्दीने त्याला मारले.

म्हणजे या साऱ्या कथांत उडणारा एकटा असतो आणि बघे पुष्कळ. बघे हसतात, घाबरतात, हद्दपार करतात, मारतात. आणि खूप काळ लोटला की त्यांचेच वारस त्याचा पुतळा उभारतात. इब्न फिरनासचा पुतळा बगदादमध्ये उभारला गेला, चंद्रावरच्या एका विवराला त्याचे नाव मिळाले, २०११मध्ये कुर्तुब्यात त्याच्या नावाचा पूलही झाला.

आता पुन्हा गोयाच्या चित्राकडे पाहा. तिथे बघा एकही नाही. मनोरा नाही, छत नाही, सुलतान नाही, टाळ्या पिटणारी गर्दी नाही. आणि उडणारे पाच आहेत. माझ्या मते या चित्राचे सारे म्हणणे एवढ्यात आहे. इतिहासाने जी मांडणी शतकानुशतके केली, ती गोयाने उलटी केली. बघ्यांना काढून टाकले आणि उडणाऱ्याला सोबत दिली. पाचही जणांचे यंत्र एकच आहे, म्हणजे ही रीत एकाने दुसऱ्याला शिकवलेली आहे. पाठीची इजा सांगितली गेली असेल, दोरी कुठे बांधायची हे दाखवले गेले असेल. चमत्कार एकट्याचा असू शकतो, रीत एकट्याची नसते.

*

म्हणून 'हजार वर्षे आधी आपण उडालो' या वाक्यातला 'आपण' मला खटकतो. उडाला तो इब्न फिरनास. आपण त्या गोष्टीतले बघेच आहोत, फक्त उशिरा आलेले. हा रोग आपल्याच कौमेला जडला आहे असे नाही. १८९५मध्ये मुंबईत चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी विमान उडवले, ही कथा मराठी मुलखात अशीच श्रद्धेने सांगितली जाते. समकालीन पुरावा मागितला की लोक चिडतात. 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथातली विमाने उडूच शकत नाहीत, असे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४मध्ये दाखवून दिले होते. तरी जानेवारी २०१५मध्ये मुंबईत भरलेल्या विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेलाच. त्यांच्या विमानावर हसायचे आणि आपल्या उड्डाणाचा पुरावा तपासायचा नाही, हा दुटप्पीपणा आपल्याला परवडणारा नाही. कुराणात, सूरह मुल्कमध्ये, डोक्यावरून पंख पसरत आणि मिटत जाणाऱ्या पक्ष्यांकडे लक्ष वेधले आहे. सुरुवात पाहण्यापासून आहे. आपण पाहणे सोडून पाठांतर धरले.

गोयाच्या माणसांनी पायांना दोऱ्या बांधल्या आहेत, ही कल्पना खुळी नव्हती. हातांच्या बळावर माणूस पक्ष्यासारखा उडू शकणार नाही, त्याचे स्नायू त्याला पुरे पडणार नाहीत, हे इटलीच्या बोरेल्लीने १६८०मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मांडले होते. पण १२ जून १९७९ रोजी ब्रायन अ‍ॅलन नावाच्या सायकलपटूने पायांनी पेडल मारत, अगदी हलक्या विमानातून, इंग्लिश खाडी ओलांडली. त्याला पावणेतीन तासांहून थोडा अधिक वेळ लागला. बळ पायांतूनच आले. पंख मात्र फडफडले नाहीत. ते स्थिर राहिले आणि पेडलने पंखा फिरवला. म्हणजे दिस्पाराते अर्धे खुळे होते आणि अर्धे खरे. पण ते अर्धे खरे होते हे कळायला कुणाला तरी खुळे ठरावे लागले.

*

चित्राविषयी माझी एक तक्रारही आहे. गोयाच्या कागदावर बाई उडते तेव्हा ती चेटकीण असते. 'काप्रिचोस'च्या ६१व्या चित्रात एक तरुण बाई डोक्यावर फुलपाखराचे पंख लावून हवेत आहे, पायांखाली तीन विद्रूप आकृती दडलेल्या. रोख तिच्या चंचलपणावर आहे. पुरुष उडतात तेव्हा तीच गोष्ट 'रीत' होते, तिला यंत्र मिळते, सोबती मिळतात, गंभीर काळे आकाश मिळते. एवढा मोठा कलावंतही इथे आपल्या काळाच्या भिंतीला अडला.

आणि आपण? मराठीत 'पंख फुटणे' हा वाक्प्रचार पाखराच्या पिल्लासाठी वापरला तर कौतुकाचा असतो. मोहल्ल्यातली मुलगी बारावीनंतर दुसऱ्या शहरात शिकायला निघाली की तोच शब्द टोमणा होतो. 'पंख फुटलेत तिला' किंवा 'पर निकल आए' हे ओसरीवर बसून म्हणणारे म्हणजे मोमिन इब्न सईदचेच वारस, फक्त त्याच्यासारखा शेर त्यांना जमत नाही. त्याच ओसरीवर थोड्या वेळाने इब्न फिरनासचा विषय निघतो आणि माना अभिमानाने डोलतात. मेलेल्याच्या पंखांचा गर्व आणि जिवंत मुलीच्या पंखांची धास्ती.

हे एचिंग मी छापील प्रतिकृतीत अनेकदा पाहिले आहे. दर वेळी नजर जवळच्या मोठ्या माणसावरून दूरच्या लहान माणसावर जाते. तो सर्वांत पुढे आहे की सर्वांत मागे राहिला आहे, कळत नाही. पण तो एकटा नाही आणि खालून त्याला कुणी हसत नाही. आपल्या मुलांना हजार वर्षांपूर्वीचा एक उडणारा पूर्वज देण्यापेक्षा एवढे आकाश देता आले, आणि पडल्यावर 'शेपटी राहिली' हे लाज न वाटता सांगण्याची मुभा देता आली, तर ती उडण्याची एक रीत होईल.